टिकलेल्यांची पिल्लं

सासू सुनेला पाण्यात पाहते म्हणतात. माझ्या सासूबाई पगार घेऊन माशांना पाण्यात पाहायच्या, त्यामुळे माझ्याकडे पाहायला त्यांना सवडच नसे. सकाळी केस घट्ट बांधायच्या, डबा घ्यायच्या आणि जलकेंद्रातल्या काचेच्या पाटासमोर खुर्ची टाकून बसायच्या. संध्याकाळी दुसरी बाई आली की उठायच्या. त्यांच्या सासूनेही जन्मभर हेच काम केलं होतं आणि तिच्या सासूनेही. माझ्या माहेरी हे सांगितलं की सगळे हसायचे.

काम साधं होतं. डोंगरातून येणारं पाणी त्या लांबलचक काचेच्या पाटातून वाहायचं आणि पाटात बोटभर लांबीचे चंदेरी मासे सोडलेले असायचे. मासे प्रवाहाकडे तोंड करून पोहताहेत तोवर पाणी चांगलं. मासे उताणे व्हायला लागले की घंटा वाजवायची आणि शहराची झडप पाडायची. पाणी तपासायची यंत्रंही होती, पण त्यांच्यावर कुणाचा विश्वास नव्हता. ‘यंत्र बिघडतं, मासा खोटं बोलत नाही’ हे तिथल्या पोराटोरांच्याही तोंडी होतं. माशांना सगळे पहारेकरी म्हणायचे.

शहराला जाणारं पाणी पुढे गाळलं जायचं आणि दुसऱ्या नदीच्या पाण्यात मिसळून जायचं. केंद्रावर काम करणाऱ्यांच्या वस्तीला मात्र थेट पाटातलं पाणी यायचं. वस्तीला याचा कोण अभिमान! “शहरवाले बिचारे भेसळीचं पितात,” असं माझा नवरा म्हणायचा, आणि ते गमतीने नव्हे.

मी स्वतः मासेवाल्याची मुलगी. मासे पकडणाऱ्याची नाही, वाढवणाऱ्याची. खाली सपाटीवर बाबांचे मत्स्यबीजाचे हौद आहेत, पणजोबांपासूनचे. नवरा मला तिथेच भेटला. पाटाच्या तोंडाला लावायची जाळी घ्यायला आला होता. बाबांनी हौसेने त्याला मासे दाखवले, तर म्हणाला, “मासे नकोत. आमचे आहेत.” बाबा म्हणाले, “अहो, तुमचे मूळचे इथलेच. केंद्र सुरू झालं तेव्हा माझ्या आजोबांनी दिलेत.” तो हसला. ते हसणं मला आवडलं, आणि पुढचं सगळं त्या हसण्यापायी झालं. मी पाण्याचा पेला पुढे केला तर त्याने पिशवीतून स्वतःची बाटली काढली. “आमच्या तोंडाला दुसरं पाणी लागत नाही,” म्हणाला. मला वाटलं, लाजतोय.

वस्तीत एकूण एक घर एकमेकांच्या नात्यातलं. एकच माणूस चुलतभाऊ म्हणून भेटायचा, मेव्हणा म्हणून भेटायचा आणि वर मामाही निघायचा. मी हिशेब सोडून दिला. तब्येतीने सगळे ठणठणीत. दवाखान्याची पायरी चढलेलं माणूस दाखवा आणि बक्षीस मिळवा. फक्त प्रत्येकाच्या नखांच्या मुळाशी एक हिरवट रेघ होती, न्हाणीघरातल्या बेसिनवर उमटते तशीच.

संध्याकाळी कामं आटोपली की सगळे आपापल्या पायऱ्यांवर येऊन बसायचे. गप्पा चालायच्या, थट्टा चालायची, पण तोंडं सगळ्यांची डोंगराकडे. शेजारच्या बाईशी बोलतानाही बाई डोंगराकडे बघूनच बोलायची. एकदा मी मुद्दाम उलटी बसले, त्यांच्याकडे तोंड करून. ओळीने बसलेले सगळे चेहरे माझ्या डोक्यावरून पलीकडे बघत होते आणि सगळ्यांची तोंडं किंचित उघडी होती. मी गुपचूप सरळ बसले.

लग्नानंतर दोनदा मला दिवस गेले आणि दोन्ही वेळा मूल पोटातच गेलं. दुसऱ्या वेळी तर मी त्याच्याशी बोलायलाही लागले होते. मला दुःख झालं, पण त्याहून जास्त राग आला. मी कुणाचं घोडं मारलं होतं? तोंडाला सतत लोखंड चाटल्यासारखी चव, केस मुठीने गळायचे, अन्न बघितलं की मळमळायचं. नणंद माझ्या उशाशी बसून म्हणाली, “वहिनी, तुमचा काही दोष नाही. बाहेरची सून इथे रुजत नाही.” माझ्या आधी दोघी बाहेरून आल्या होत्या म्हणे. एक सोडून गेली, दुसरी वारली. नणंदेने हे मायेने सांगितलं होतं, पण मला तो टोमणा वाटला आणि मी कितीतरी दिवस तिच्याशी बोलले नाही.

बाबा मला भेटायला आले ते डब्यात मासे घेऊन. दुसऱ्यांचे वडील फळं आणतात. “तुला करमत नसेल,” म्हणाले. आमच्याच हौदातले, तेच बोटभर चंदेरी. माशाला नव्या पाण्यात कसं सोडायचं हे मला कुणी शिकवायला नको. डबा आधी टबात तरंगत ठेवला, वस्तीचं पाणी त्यात घोटाघोटाने मिसळत गेले, अजिबात घाई केली नाही. दुपारपर्यंत मासे मजेत होते. मग ते एकेक करून काठाशी आले आणि तोंडं उघडझाप करायला लागले. दिवे लावायच्या वेळेला सगळे उताणे.

बाबांनी एक मासा तळहातावर घेतला आणि कल्ला उचलून बघितला. मग त्यांनी माझा हात हातात घेतला आणि माझी नखं बघितली. माझ्या नखांवर ती हिरवी रेघ नव्हती. नखं नुसतीच निळसर पडली होती.

“तू हेच पाणी पितेस?” त्यांनी विचारलं.

दुसऱ्या दिवशी बाबा गेले आणि मी थेट पाटावर गेले. आत थंड आणि ओलसर होतं. काचेतून येणारा उजेड सासूबाईंच्या चेहऱ्यावर हलत होता. शेकडो पहारेकरी एकाच दिशेला तोंड करून जागच्या जागी पोहत होते.

“आई, बाबांचे मासे तुमच्या पाण्यात मेले.”

“प्रवासाने मेले असतील.”

“प्रवासाने मरायचे तर वाटेत मेले असते. हे पाण्याने मेले.”

सासूबाईंनी मान वळवली नाही. “आमचे बघ की. आहे का कुणी आजारी?”

“हे कधी मरतात तरी का?”

“आता नाही मरत. माझ्या सासूच्या वेळी मरायचे. जोराचा पाऊस झाला की वरच्या जुन्या खाणीतून काहीतरी सुटायचं आणि पाट उताण्या माशांनी पांढरा व्हायचा. घंटा वाजवून हात दुखायचे म्हणे.”

“मग नवे मासे कुठून आणायच्या त्या?”

आता त्या वळल्या. कुणी घराण्याबद्दल वेडंवाकडं बोलावं तसा त्यांचा चेहरा झाला होता. “नवे कशाला आणायचे? जे टिकले त्यांचीच पिल्लं वाढवायची, हा इथला पहिल्यापासूनचा नियम. लेच्यापेच्यांचं इथे काय काम? म्हणून तर आज एक मासा मरत नाही. माझ्या हयातीत मी घंटेला हात लावलेला नाही.”

त्यांच्या आवाजात इतका अभिमान होता की खरं तर मी गप्प बसायला हवं होतं. पण माझी जीभ कुठली ऐकायला! “आई, मरत होते तेच खरे पहारेकरी होते. ते तुम्ही फेकून दिलेत. उरलेत ते मरायचंच विसरलेले. हे कसला पहारा देणार?”

सासूबाई पुन्हा पाण्याकडे वळल्या. “मासे जिवंत आहेत,” त्या म्हणाल्या. “माणसं जिवंत आहेत. आणखी काय पाहिजे?”

नवऱ्यानेही तेच सांगितलं. केंद्राच्या मोठ्या साहेबांनीही तेच, फक्त मोठ्या टेबलामागून. साहेबांच्या नखांवरही रेघ होती.

थोड्याच दिवसांत मला तिसऱ्यांदा दिवस गेल्याचं कळलं, आणि मी ठरवून टाकलं. नवऱ्याला म्हटलं, “हे मूल मला हवंय. मी माहेरी चालले. तिथलं पाणी पिणार, मूल हातात आलं की पुढचं बघू.” त्याने अडवलं नाही. सोबत येणं त्याला शक्य नव्हतं. सपाटीवर मुक्काम केला की त्याला धाप लागायची. बसमध्ये बसवताना तो माझा हात सोडेना, आणि त्या क्षणी मला त्याची फार दया आली.

सासूबाईंनी मला एक कॅन दिला. आत पाटातलं पाणी आणि थोडे पहारेकरी होते. “बाबांना दाखव,” त्या म्हणाल्या, “आमचे मासे कसे आहेत ते.”

बाबांनी ते कौतुकाने हौदातल्या स्वच्छ पाण्यात सोडले. माझ्या देखत पहारेकरी धापा टाकायला लागले. तीच उघडझाप, पण या वेळी उलट्या बाजूने. बाबा आयुष्यभर मासे वाचवत आलेले. त्यांनी झटकन एका टबात कॅनमधलं पाणी आणि हौदाचं पाणी निम्मं निम्मं केलं आणि पहारेकऱ्यांना त्यात हलवलं. तेव्हा कुठे ते सावरले. मग बाबांनी त्याच टबात आपलेही मासे सोडून बघितले. तेही जगले. दोन्ही थोडे मलूल, पण जिवंत.

मी रोज त्या टबाजवळ जाऊन बसायचे. आमचे मासे वाटेल तसे भटकायचे. पहारेकरी सगळे एका कडेला, एकाच दिशेला तोंड करून. टबात प्रवाह नव्हता. ती दिशा डोंगराची होती. बाबांनी टब फिरवून ठेवला, तर संध्याकाळपर्यंत पहारेकरीही फिरले होते. दोन्ही कळपांत बोटभर अंतर असायचं आणि ते कुणीच ओलांडायचं नाही.

“जात एकच आहे,” बाबा म्हणायचे. “माझ्या आजोबांच्या हातचे.” त्यांना राहवेना. त्यांनी आमच्या मादीचं पोट अंगठ्याने हलकेच दाबून अंडी काढली, पहारेकरी नराचं बीज त्यावर सोडलं, पिसाने ढवळलं. हे ते रोज करतात. दुसऱ्या दिवशी अंडी पांढरी पडली होती. पांढरं अंडं म्हणजे मेलेलं अंडं, हे आमच्या घरात शेंबड्या पोरालाही ठाऊक. त्यांनी पुन्हा करून बघितलं. पुन्हा पांढरी. मी पोटावर हात ठेवून उभी होते आणि मला तिथून हलता येईना.

“असं कसं होईल?” मी विचारलं. “एकाच हौदातले ना?”

बाबा हात पुसत बसले. “शोभेच्या माशांचं काय करतो आपण? दर वर्षी लाल शेपटीचे तेवढे पिलावळीला ठेवतो, बाकीचे विकून टाकतो. काही वर्षांनी सगळा हौद लाल. तिथे निवड पाण्याने केली, एवढंच. पाण्याला जे नको होते ते गेले. उरलेल्यांना मग तेच पाणी लागायला लागलं असेल. आणि इतक्या पिढ्या दोघं एकमेकांना भेटलेच नाहीत. आता भेटले तर ओळख पटत नाही.”

“किती पिढ्या लागतात अशा?”

“माशाची पिढी वर्षाची,” ते म्हणाले. “माणसाची...” आणि मग ते उठून हौदाकडे गेले.

तिसऱ्या खेपेला एक अंडं पांढरं पडलं नाही. त्यात दोन काळे डोळे दिसायला लागले, मग एक दिवस ते फुटलं आणि पापणीच्या केसाएवढं पिल्लू बाहेर आलं. मी वेडी झाले आनंदाने. दिवसभर त्याच्याशी बोलायचे. ते निम्म्यानिम्म्या पाण्यात, दोन्ही कळपांच्या मधोमध फिरायचं. माझंही पोट आता चांगलं दिसायला लागलं होतं. केस गळायचे थांबले होते, भूक लागत होती, आणि मूल आतून लाथा मारत होतं. माझी खात्री झाली की आता सगळं नीट होणार.

एका सकाळी बाबांनी टब धुतला. पाणी गढूळ झालं होतं आणि गढूळ पाणी बदलायचं हा त्यांच्या हाताचा धर्म. विचार करायच्या आत त्यांनी सगळं ताजं, स्वच्छ पाणी भरलं होतं. लक्षात आल्यावर धावाधाव करून, कॅनच्या तळाशी उरलेलं पाणी ओतून त्यांनी मोठे मासे वाचवले. पिल्लू वाचलं नाही. बाबा माझ्यासमोर मान खाली घालून उभे राहिले. ज्या घरात माझी बडबड ऐकून पाहुणे लवकर निघायचे त्या घरात त्या दिवशी शुकशुकाट होता.

मला मुलगी झाली. पुऱ्या दिवसांची, गुबगुबीत, खणखणीत आवाजाची. तिला छातीशी घेतलं तेव्हा दोन्ही गेलेली मुलं आठवून मी हमसून हमसून रडले. बाबा डॉक्टरीणबाईंचे आभार मानता मानता थकले. मग मी तिची बोटं उघडून बघितली. नखांच्या मुळाशी केसासारखी बारीक हिरवी रेघ होती.

पहिले काही दिवस ती बरी होती. मग तिची मान एकाच बाजूला वळायला लागली. माझी आई म्हणाली, उजेडाकडे बघते. मी पाळणा फिरवला. मान परत फिरली. दूध ओढायची, पण वजन भरेना. तिचा रंग उतरत गेला. डॉक्टरीणबाईंनी सगळं तपासलं. म्हणाल्या, “काहीच सापडत नाही. दूध पुरत नसेल.” त्या दुपारी मी पाळण्यात वाकून बघितलं तर मुलगी तोंडाची उघडझाप करत होती. रडत नव्हती. ते मी याआधी दोनदा बघितलेलं होतं, एकदा टबाच्या काठाशी आणि एकदा हौदात.

मी नवऱ्याला फोन केला. आल्या मात्र सासूबाई. जन्मात डोंगर न सोडलेली बाई, मांडीवर पाण्याचा कॅन धरून एकटी बसने आली होती. दारात उभी राहिली तेव्हाच तिला धाप लागलेली होती. पाट त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच वेळेआधी दुसऱ्या बाईवर सोडला होता.

त्यांनी मला एका शब्दाने बोल लावला नाही. हात धुतले, करंगळी कॅनमधल्या पाण्यात बुडवली आणि मुलीच्या ओठांत दिली. मुलीने ती अधाशासारखी चोखली. पुन्हा बुडवली, पुन्हा दिली. आमच्या डोळ्यांसमोर तिच्या गालांवर रंग चढला.

“तुझी नणंद तान्ही असताना मी तिला एकदा खाली आणायला निघाले होते,” सासूबाई म्हणाल्या. “अर्ध्या वाटेत अशीच करायला लागली. तशीच मागे फिरले. तेव्हा वाटलं, ऊन लागलं.”

“मग आता रोज असं बोटाने...?”

“एवढ्याशा पोटात नुसतं पाणी किती घालणार? बोटावर लेकरू वाढत नाही. दुधातून जायला हवं.” त्यांनी कॅनकडे आणि मग माझ्याकडे बघितलं.

बाबा दारातून म्हणाले, “माझ्या मुलीला ते विष आहे.”

“माहीत आहे,” सासूबाई म्हणाल्या. “आधी माहीत नव्हतं, हिने सांगितल्यापासून माहीत आहे. मी तेव्हापासून त्या खुर्चीवर बसून दुसरा विचार केलेला नाही.” त्यांनी श्वास घेतला. “केंद्र नवं होतं तेव्हा आमच्या वस्तीत घरोघरी पाळणे रिकामे व्हायचे. आजेसासू सांगायची. घंटा वाजली की शहराची झडप पडायची. वस्तीचा नळ कुणी बंद केला नाही. पुढे पाळणे रिकामे व्हायचे थांबले. सगळ्यांना वाटलं, पाणी सुधारलं. जी टिकली त्यांची आम्ही पिल्लं. म्हणून तुला पी असं मी म्हणणार नाही. नाही म्हणालीस तरी तू माझी सूनच आहेस.”

बाबा आत आले, पेला घेतला, निम्मा कॅनमधून भरला आणि निम्मा आमच्या माठातून. “निम्म्यानिम्म्यात दोन्ही जगले होते,” ते म्हणाले.

“किती दिवस जगतात, बाबा?”

“तेवढं मी बघितलं नाही गं.”

मला भीती वाटली. खोटं कशाला बोलू, त्या पेल्याची मला मरणाची भीती वाटली. मग मी तो प्यायले. तोंडात ती जुनी चव पसरली. मुलीला पदराखाली घेतलं.

सासूबाईंनी खुर्ची ओढली आणि माझ्यासमोर बसल्या. हात मांडीवर, मान किंचित पुढे, पापणी न हलवता. पाटासमोर बसायच्या तशाच.

“आई, असं बघू नका ना माझ्याकडे.”

“बघणार,” त्या म्हणाल्या. “या वेळी घंटा मी वाजवणार आहे. मुलगी रडली तरी वाजवणार.”

मुलगी दूध पीत होती आणि पिता पिता तिची मान डोंगराकडे वळायला बघत होती. मी कूस बदलून तिच्यासाठी त्या बाजूला वळले आणि रिकामा पेला बाबांपुढे धरला.